काळ्या तेलाची साक्ष

इंजिनातले तेल चांगले की वाईट, हे ठरवण्याची आपली पद्धत सर्वांना ठाऊक आहे. डिपस्टिक बाहेर काढायची, थेंब अंगठा आणि बोट यांच्यामध्ये चोळायचा, नाकाशी न्यायचा आणि निकाल द्यायचा, "तेल मेले." भिलाईच्या यार्डात, दुर्गच्या ट्रक गॅरेजांत, मेल मोटरच्या वर्कशॉपात हेच चालते. आम्हीही वर्षानुवर्षे हेच केले. बोटांना काही कळत नाही असे आमचे म्हणणे नाही. तेलाला डिझेलचा वास आला की इंजेक्टर गळतो आहे, हे जुन्या फिटरच्या नाकाला लॅबच्या आधी कळते. परंतु बंधूंनो, बोटांची साक्ष खातेनिहाय चौकशीत चालत नाही. तेथे कागद लागतो. आणि तो कागद बहुतेक वेळा प्रशासनाच्या कपाटात असतो.

आमच्या माहितीतले एक प्रकरण सांगतो. शेडचे व गावाचे नाव मुद्दाम देत नाही. मालगाडीचे डिझेल इंजिन वाटेत बंद पडले. क्रँकशाफ्टचे बेअरिंग जळाले होते. ड्रायव्हरने ऑइल प्रेशर कमी झालेले पाहिले नाही, असा ठपका ठेवून त्याच्या हाती एस.एफ. ५ देण्यात आला. डाक खात्यातील वाचकांसाठी सांगायचे तर हे त्यांच्या नियम १४ चे भावंड. आमच्या एका जुन्या कार्यकर्त्याने बचाव साहाय्यक म्हणून एकच मागणी केली, शेडच्या लॅबचे रजिस्टर दाखवा. रजिस्टर आले. लागोपाठ तीन नमुन्यांत शिसे चढत गेलेले, तिसऱ्यात तांबेही वर आलेले आणि शेऱ्याच्या रकान्यात केमिस्टने लिहिलेले, "बेअरिंग तपासावे." गाडीची निकड होती म्हणून इंजिन न उघडता लाइनवर सोडले गेले. चार्जशीट पुढे मागे घेतले गेले. ड्रायव्हरला वाचवले ते बाटलीभर काळ्या तेलाने. तेव्हापासून आमचे मत पक्के झाले आहे की वापरलेल्या तेलाची तपासणी हा केवळ इंजिनिअरांचा विषय नाही, तो संघटनेचा विषय आहे.

भिलाईहून हे लिहिण्याला कारण आहे. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून येथे पोलाद कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्या काळात नागपूर, भंडारा, गोंदियाकडून आलेली मराठी कुटुंबे येथे आजही आहेत. दल्ली-राजहराच्या खाणींतून लाल खनिज घेऊन गाड्या येतात, कारखान्याच्या आत त्याची स्वतःची डिझेल इंजिने फिरतात, खाणीत डंपर चालतात, आणि मार्शलिंग यार्डाला लागून विद्युत इंजिनांचे मोठे शेड आहे. एवढ्या प्रकारची यंत्रे आणि एवढ्या प्रकारची तेले एका गावात क्वचितच सापडतील. शिवाय भिलाईच्या कामगाराला पी.पी.एम. म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. रेल्वेच्या रुळासाठी जे पोलाद येथे तयार होते, त्यात हायड्रोजन दहा लाखांत १.६ भागांहून जास्त असता कामा नये, अशी रेल्वेची अट आहे. त्याहून जास्त राहिला तर रुळाच्या पोटात बारीक तडे जाण्याचा धोका असतो. दहा लाखांत दीड भागाने रूळ मोडू शकतो, हे ज्याला पटले आहे त्याला दहा लाखांत वीस-तीस भाग शिसे तेलात आले तर काय होईल, हे सांगायला नको.

या तपासणीचा जन्मच रेल्वेत झाला, हे आपल्यापैकी थोड्यांना माहीत असेल. दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकेतील डेन्व्हर अँड रिओ ग्रँड रेलरोडच्या प्रयोगशाळेने १९४६ मध्ये डिझेल इंजिनांच्या वापरलेल्या तेलातील धातू मोजून इंजिनातले बिघाड आधी ओळखून दाखवले. नौदले, विमानदले ही विद्या नंतर शिकली. आपल्याकडे १९६२ मध्ये डब्ल्यू.डी.एम.-२ इंजिने आली, जानेवारी १९६४ पासून ती वाराणसीच्या कारखान्यातून बाहेर पडू लागली, आणि डिझेल शेडांबरोबर त्यांच्या लॅबही उभ्या राहिल्या. वाफेच्या इंजिनाचा फिटर कानाने रोग ओळखत असे. डिझेलच्या आवाजात कान बधिर होतो, म्हणून थेंबाकडे वळावे लागले.

पद्धत अवघड नाही. स्वयंपाकघरात गॅसच्या ज्योतीत मिठाचा कण पडला तर ज्योत पिवळी होते, हे आपल्या घरच्या मंडळींनी पाहिलेले असते. तो पिवळा रंग सोडियमचा. प्रत्येक धातूचा असा स्वतःचा प्रकाश असतो. स्पेक्ट्रोमीटरमध्ये कार्बनची चकती तेलात फिरते, तिच्यावर विजेची ठिणगी पाडतात आणि कोणता प्रकाश किती, हे यंत्र मोजते. लोखंड आले तर लायनर, रिंगा, गिअर यांची झीज. शिसे, कथील, तांबे आले तर बेअरिंग. त्यातही शिसे आधी चढते, कारण बेअरिंगचा वरचा पातळ थर शिसे-कथिलाचा असतो. तो गेला की खालचे तांबे दिसू लागते, आणि मग फार वेळ उरत नाही. ॲल्युमिनियम पिस्टनकडे बोट दाखवते. सोडियम वाढले तर थंड करण्याचे पाणी तेलात शिरते आहे, कारण त्या पाण्यात गंजरोधक रसायन असते. सिलिकॉन म्हणजे धूळ, अर्थात एअर फिल्टर फाटला किंवा नीट बसवला नाही. भिलाईसारख्या गावी, जेथे खिडकीच्या गजांवरही लाल थर बसतो, तेथे सिलिकॉन आणि लोखंड जोडीने चढले तर इंजिन उघडण्याआधी फिल्टर उघडावा.

आता आकड्यांचे वजन पाहा. डब्ल्यू.डी.एम.-२ च्या संपमध्ये सुमारे ९०० लिटर तेल, म्हणजे ८०० किलोच्या आसपास. त्यात एक पी.पी.एम. लोखंड म्हणजे जेमतेम ०.८ ग्रॅम. रिपोर्टात ४५ आले तर ३६ ग्रॅम लोखंड तेलात तरंगते आहे. समजा पातळी ८०० लिटरवर उतरली होती म्हणून १०० लिटर नवे तेल ओतले. पुढचा रिपोर्ट ४० दाखवील, आणि साहेब म्हणतील सुधारणा झाली. सुधारणा काही झाली नाही, झीज तेवढीच आहे, ती पातळ झाली इतकेच. सबब किती तेल कधी ओतले याची नोंद नसलेला रिपोर्ट हा अर्धा रिपोर्ट. ही नोंद ठेवण्याचे काम आपले आहे, आणि ते आपण नीट करत नाही, हेही येथे कबूल करतो. नमुना गरम, चालू इंजिनातून, आधी थोडे तेल सांडून, स्वच्छ बाटलीत घ्यायचा असतो. थंड इंजिनाच्या तळातला गाळ भरून दिला, किंवा चहाची वेळ झाली म्हणून एकाच इंजिनाचे तेल तीन बाटल्यांत भरून तीन नंबर लिहिले, तर उद्या तेच रजिस्टर आपल्याच माणसावर उलटेल.

मूळ मुद्दा तेलाच्या प्रतीचा आहे, आणि त्याबाबत दोन्ही बाजूंनी चुकीचे बोलले जाते. पहिला गैरसमज रंगाचा. "नवे तेल आठवड्यात काळे झाले, म्हणजे भेसळ आहे," अशी तक्रार आमच्याकडे नेहमी येते. डिझेल इंजिनात तेल काळे झालेच पाहिजे. काजळी पिस्टनवर बसू न देता स्वतःत तरंगत ठेवणे हेच त्याचे काम. जे तेल फार दिवस सोनेरी राहते त्याने काजळी कोठे ठेवली, असा प्रश्न विचारावा. काजळी धरून ठेवण्याची ताकद उरली आहे का, हे पाहायला महाग यंत्र लागत नाही. पूर्वी प्रत्येक डाकघराच्या काउंटरवर टिपकागद असे. तसल्या कागदावर गरम तेलाचा एक थेंब टाकून तो काही तास आडवा ठेवावा. काळेपणा मधून कडेपर्यंत सारखा पसरला तर तेलात जीव आहे. मध्ये दाट काळा ठिपका, त्याला धारदार कड आणि बाहेर स्वच्छ वलय असे दिसले तर तेल थकले. पाण्याचा संशय असेल तर तापलेल्या पत्र्यावर एक थेंब टाकावा, पाणी असल्यास तडतडतो. डोळ्यांना चष्मा लावून आणि एकच थेंब, बाटली उपडी करून नव्हे. मेल मोटरच्या चालकाला व मेकॅनिकला या दोन परीक्षा आज, कोणाच्याही मंजुरीशिवाय करता येतात.

दुसरा गैरसमज अधिक महागाचा आहे, आणि तो वरच्या मजल्यावर राहतो. दोन कंपन्यांची तेले आणली, एक एका इंजिनात, दुसरे दुसऱ्यात घातले. पहिल्याच्या रिपोर्टात लोखंड २०, दुसऱ्याच्यात २८, म्हणून पहिले तेल चांगले, असा निकाल देऊन कागद पुढे सरकवला जातो. हा निकाल खोटा आहे असे नव्हे, तो निकालच नाही. पहिले इंजिन नुकतेच ओव्हरहॉल होऊन आलेले असेल, दुसऱ्याने चढावर भार जास्त ओढला असेल, एकात तेल जास्त ओतले गेले असेल. आणखी एक गंमत अशी की चांगले तेल पहिल्यांदा घातले की ते जुना साचलेला मळ धुऊन काढते, त्यामुळे पहिल्या रिपोर्टात आकडे उलट चढू शकतात. तेलाची तुलना करायची तर एकाच जातीची, एकाच कामावरची अनेक इंजिने घ्यावीत, सारखे किलोमीटर चालवावीत, मग तेलांची अदलाबदल करून पुन्हा तेच करावे. एका इंजिनाचा स्वतःच्याच मागच्या दहा रिपोर्टांशी मेळ घालणे हे खरे शास्त्र. शेजारच्या इंजिनाशी घातलेला मेळ बहुधा शेजाऱ्याच्या घरातील भांडणासारखा, ऐकायला बरा, पुरावा काही नाही.

तेलाची प्रत डब्यावर लिहिलेली नसते, ती इंजिनाशी जुळण्यात असते, याचा आमच्या मते सर्वांत चांगला दाखला अमेरिकन ई.एम.डी. इंजिनांचा आहे. १९९५ च्या करारानंतर डब्ल्यू.डी.जी.-४ ही इंजिने रेल्वेत आली. त्यांच्या पिस्टनपिनच्या बेअरिंगवर चांदीचा थर असतो. मोटारी आणि ट्रकच्या तेलांत झीज रोखण्यासाठी जस्ताचे संयुग घालतात, तेथे ते उपकारकच असते. तेच जस्त या चांदीला खाते. म्हणून ई.एम.डी. इंजिनाच्या तेलात जस्त नको, आणि तपासणीत जस्त व चांदी हे दोन आकडे आधी पाहायचे. ट्रकसाठी उत्तम असलेला डबा तेथे चुकून ओतला तर बेअरिंगची वाट लागते. स्टोअरमधील खलाशाने ड्रमवरील चिठ्ठी न वाचता पंप लावला तर दोष त्याचा, हे खरे. पण ड्रमवर त्याला वाचता येईल अशी चिठ्ठी लावणे कोणाचे काम होते?

शास्त्राच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर उद्या रिपोर्ट स्वच्छ होता म्हणून पुन्हा आपल्यालाच धरतील. ठिणगीच्या यंत्राला फार बारीक कण दिसतात, साधारण पाच ते दहा मायक्रॉनपेक्षा मोठे तुकडे त्याच्या नजरेतून सुटतात. हळूहळू होणारी झीज ते पकडते, अचानक तुटलेल्या गिअरच्या दाताचा तुकडा पकडत नाही. तो फिल्टरमध्ये सापडतो. म्हणून उतरवलेला फिल्टर न उघडता फेकू नये.

काही बांधव म्हणतील, आता डिझेलचे दिवस गेले, ब्रॉडगेजचे जवळपास सर्व मार्ग विजेवर गेले, मोतीबागच्या नॅरोगेज डिझेल इंजिनांचे दिवसही सरले, मग ही चर्चा कशाला? भिलाईचे शेडच त्याला उत्तर आहे. विद्युत इंजिनाच्या पोटात मोठा ट्रान्सफॉर्मर असतो आणि तो तेलात बुडालेला असतो. २५ किलोव्होल्टच्या तारेखाली काम करणाऱ्या या तेलाचीही साक्ष घेतात, फक्त धातूंऐवजी विरघळलेले वायू मोजतात. तेल कोठेतरी जास्त तापले तर इथिलीन वाढते, कागदी आवरण जळू लागले तर कार्बन मोनॉक्साइड, आणि आत ठिणग्या पडत असतील तर ॲसिटिलीन. ॲसिटिलीन दिसले की घंटा वाजली असे समजावे. जोडीला अडीच मिलिमीटर अंतरावरील दोन टोकांमध्ये तेल किती किलोव्होल्ट सहन करते तेही पाहतात, कारण ओलावा शिरला की ही ताकद झपाट्याने घसरते. ट्रान्सफॉर्मर फुटला तर कॅबमध्ये दोन माणसे असतात. डिझेलच्या बेअरिंगपेक्षा येथे जिवाचा प्रश्न अधिक जवळचा आहे.

डाक खात्याच्या गाड्यांची गोष्ट वेगळी दिशा घेते. १९९० च्या दशकाच्या आरंभी डिझेलमध्ये वजनाच्या एक टक्क्यापर्यंत गंधक चालत असे. ते जळून आम्ल होई आणि तेलातला क्षार ते मारता मारता संपून जाई. तेल लवकर बदलण्याचा जुना दंडक त्यातून आला. २००० मध्ये ही मर्यादा ०.२५ टक्क्यावर आली, आणि १ एप्रिल २०२० पासून भारत-६ इंधनात गंधक दहा लाखांत १० भाग इतकेच राहिले. साहजिकच तेल जास्त दिवस टिकू शकते. परंतु शहरात पेटीपेटीला थांबणारी, तासन्तास इंजिन चालू ठेवून उभी राहणारी मेल व्हॅन आणि महामार्गावरचा ट्रक यांचे किलोमीटर सारखे मोजता येत नाहीत. काटकसरीच्या नावाखाली तेल बदलण्याचे अंतर वाढवायचे असेल तर आधी त्याच गाड्यांच्या तेलाची तपासणी दाखवा, एवढेच आमचे म्हणणे. नुसत्या परिपत्रकाने इंजिनातली काजळी कमी होत नाही.

आणि तपासणी कोणी करायची? हल्ली सोयीचे उत्तर तयार असते, तेल विकणारी कंपनी फुकट करून देते. कंपन्या अशी सेवा देतात हे खरे, त्यांच्या लॅबही चांगल्या असतात. पण विकणाऱ्यानेच आपल्या मालाला गुण द्यायचे, ही परीक्षा कोणत्या शाळेत चालते? शेडच्या केमिस्टच्या, लॅब-खलाशाच्या जागा रिकाम्या ठेवायच्या, मग काम होत नाही म्हणून त्या सरेंडर करायच्या, आणि नमुने बाहेर पाठवायचे, हा क्रम आम्ही ओळखतो. बाहेर गेलेल्या बाटलीचा रिपोर्ट येईपर्यंत इंजिन चार फेऱ्या करून आलेले असते. तपासणीचा अर्थ वेळेवर आहे. शेजारच्या खोलीतला केमिस्ट धावत येऊन "हे इंजिन सोडू नका" म्हणू शकतो, कुरिअरने आलेला कागद म्हणू शकत नाही.

जाता जाता एक काम हातांसंबंधी. जळालेले तेल आपण दाराच्या बिजागरीला, वाळवी लागलेल्या खांबाला, काही जण गुरांच्या जखमेलाही लावतात. उंदरांवरील प्रयोगांत वापरलेल्या इंजिन तेलाने त्वचेचा कर्करोग झाल्याचे आढळले आहे. हातमोजे व साबण हा आपला हक्क आहे, आणि डिझेलने हात धुण्याची सवय सोडणे हे आपल्या हातात आहे. हे तेल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडते आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच देता येते. रात्री ड्रम उचलून नेणाऱ्या ओळखीच्या माणसाला नव्हे.

रेल्वेच्या शाखांनी पुढच्या पी.एन.एम. बैठकीसाठी आणि मेल मोटरच्या बांधवांनी आपल्या मासिक बैठकीसाठी विषय द्यावेत असे आम्ही सुचवतो. लॅबचा रिपोर्ट इंजिनावर काम करणाऱ्या फिटरला दाखवून त्याची सही घेतली जाते का. "उघडून तपासा" असा शेरा असलेले इंजिन कोणाच्या लेखी आदेशाने लाइनवर सोडले जाते. चार्जशीट देताना त्या इंजिनाचे किंवा गाडीचे मागील सहा महिन्यांचे तेलाचे रिपोर्ट सोबत जोडले जातात का. लॅबमध्ये मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती. प्रश्न लेखी द्यावेत. उत्तर तोंडी मिळाले तर ते बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठू नये.